साडेसहाशेची अट : डिचोलीतील एका पतसंस्थेच्या रोखपाल भरतीचे प्रकरण

हे प्रकरण सहकारी पतसंस्थांचे संचालक आणि सचिव यांच्या अभ्यासासाठी रचले आहे. त्यातली संस्था, माणसे आणि रकमा काल्पनिक आहेत. कायद्याची कलमे, न्यायालयाचा निवाडा, खाणी बंद पडल्याच्या तारखा आणि पतअहवालाची ठेवण मात्र खरी आहे. नोकरी देताना उमेदवाराचे ‘सिबिल’, म्हणजे त्याच्या कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल आणि त्यावरून काढलेला स्कोअर, पाहावे की नाही, हा वाद मोघमपणे घालण्यात फारसा अर्थ नसतो. एका रोखपालाच्या जागेसाठी एका संचालक मंडळाने हा अहवाल कसा मिळवला, त्यातले काय वाचले आणि काय वाचायचे राहिले, एवढेच इथे पाहायचे आहे.

जागा आणि अट

ही पतसंस्था गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली नोंदलेली असून डिचोलीत मुख्य कार्यालय आणि तालुक्यात तीन शाखा असा तिचा पसारा आहे. पिग्मी आणि मुदत ठेवी घेणे, सोनेतारण आणि पगारतारण कर्जे देणे हा तिचा नेहमीचा व्यवहार. २०२५ च्या सुरुवातीला साखळी शाखेचे रोखपाल निवृत्त झाले आणि ती जागा भरायला निघाली. काउंटरवर रोख घेणे-देणे, दिवसअखेरीस ताळा जमवणे, तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक सांभाळणे आणि सोनेतारणाच्या पाकिटांवर शाखाधिकाऱ्याबरोबर सही करणे, असे या जागेचे काम होते. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार तिला नव्हता.

जाहिरातीत वाणिज्य पदवी, संगणकाचे ज्ञान, अनुभव आणि पंधरा वर्षांचा गोव्यातील रहिवास एवढ्याच अटी होत्या. सिबिलचा उल्लेख कुठेही नव्हता. मुलाखती आटोपल्यानंतरच्या बैठकीत एका संचालकांनी तो विषय काढला आणि ‘स्कोअर किमान ६५०’ अशी अट तोंडी ठरली. हा आकडा त्यांनी बँकभरतीच्या जाहिरातीतून उचलला होता. सरकारी बँकांसाठी सामाईक भरती घेणाऱ्या आयबीपीएसने २०२३ च्या जाहिरातींत रुजू होताना किमान ६५० स्कोअर असावा, असे खरोखरच म्हटले होते. पुढच्या वर्षी ही भाषा बदलली. ठरावीक आकडा गेला, किमान स्कोअर ज्या त्या बँकेच्या धोरणावर सोपवला गेला, आणि अहवालात प्रतिकूल नोंद असेल तर ती दुरुस्त करून आणावी किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-देय पत्र, म्हणजे काही देणे उरले नसल्याचे पत्र, दाखवावे, अशी वाट ठेवली गेली. संचालकांच्या हाती जुनी जाहिरात होती.

तरीही मंडळाची धास्ती निराधार होती, असे म्हणता येणार नाही. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हापासून गोव्यातला ठेवीदार सहकारी संस्थेच्या पायरीवर जरा थांबूनच पाय ठेवतो. शिवाय बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसते. त्यातच या संस्थेच्या एका पिग्मी एजंटाने तीन वर्षांपूर्वी ग्राहकांच्या पुस्तकात रक्कम लिहायची आणि कार्यालयात कमी भरायची, असा उद्योग सात-आठ महिने चालवला होता. त्या आठवणीनेच मंडळाचा हात सिबिलकडे गेला. त्या एजंटाने आयुष्यात कुठलेही कर्ज घेतलेले नव्हते. त्याचा अहवाल मागवला असता तर ‘इतिहास नाही’ एवढाच शेरा आला असता आणि नव्या अटीतून तो विनासायास पार पडला असता. ही गोष्ट बैठकीत कोणाच्या लक्षात आली नाही.

उमेदवार

निवड यादीत पहिल्या आलेल्या उमेदवार छत्तीस वर्षांच्या, वाणिज्य शाखेच्या पदवीधर होत्या आणि पर्वरीतल्या एका हॉटेलात नऊ वर्षे रोख आणि हिशेब सांभाळत होत्या. सासर पाळी परिसरात. यजमान खनिज वाहतुकीत होते.

खाणपट्ट्यातल्या वाचकाला पुढचे सांगावे लागणार नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखाणी थांबल्या, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यामुळे मार्च २०१८ च्या मध्यापासून पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागांतल्या घराघरांसमोर टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, उभे राहिले. हप्ते मात्र थांबले नाहीत.

या उमेदवारांच्या यजमानांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये, खाणी पुन्हा चालू झाल्याच्या भरवशावर, एका वित्त कंपनीकडून जुन्या टिप्परसाठी १४ लाखांचे चार वर्षांचे कर्ज घेतले. हप्ता सुमारे ३८ हजारांचा. ट्रकखेरीज घराचेही तारण हवे, असा कंपनीचा आग्रह होता, आणि गोव्यात तसे तारण द्यायचे तर पत्नीच्या सहीवाचून चालत नाही. इथल्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि स्थावराचा व्यवहार दोघांच्या संमतीनेच होतो. कंपनीने त्यांची नुसती संमती घेण्याऐवजी, पगाराची पावती होती म्हणून, त्यांना सहकर्जदारच करून टाकले. त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने ते कर्ज जेवढे यजमानांचे, तेवढेच त्यांचे झाले.

मार्च २०१६ पासून मार्च २०१८ पर्यंत पंचवीस हप्ते वेळेवर गेले. त्यानंतर मिळकतच उरली नाही. २०१९ मध्ये कंपनीने ट्रक ताब्यात घेऊन विकला, उरलेल्या रकमेचा काही भाग निर्लेखित केला, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढला, आणि अखेर जून २०२१ मध्ये पावणेतीन लाखांवर तडजोड झाली. ही रक्कम उमेदवारांनी आपल्या पगारातून आणि दागिने मोडून भरली.

अहवाल कसा मिळवला

पहिली गंभीर चूक इथे झाली, आणि ती उमेदवारांची नव्हती. अहवाल मागताना त्यांच्याशी बोलावे, असे कोणाला वाटले नाही. सचिवांची एका बँकेच्या शाखेत ओळख होती. त्यांनी अर्जावरचा पॅन क्रमांक तिकडे कळवला आणि ‘जरा बघून सांगा’ म्हटले. बँकेतल्या गृहस्थांनी कर्जाची चौकशी असल्याचे दाखवून अहवाल काढला आणि त्याची छापील प्रत पाकिटात घालून पाठवली.

त्या संध्याकाळी हॉटेलात दिवसाचा ताळा जमवत असताना उमेदवारांच्या मोबाइलवर संदेश आला की अमुक बँकेने तुमची पतमाहिती पाहिली आहे. असा इशारा पाठवणे पतमाहिती कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने बंधनकारक केलेले असून पुढच्या एप्रिलपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. सचिवांना याची कल्पना नव्हती. त्या बँकेत आपण कधी अर्ज केलेला नाही हे उमेदवारांना पक्के माहीत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या थेट त्या शाखेत गेल्या, आणि तिथल्या उडवाउडवीतून खरा प्रकार त्यांच्या ध्यानात आला.

पतमाहिती कंपन्या (नियमन) कायदा, २००५ हा या व्यवहाराचा मूळ कायदा आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या त्याखाली काम करतात. माहिती कोणाला द्यायची हे कायद्याने बांधून दिले आहे, आणि निव्वळ नोकरी देणारा म्हणून कोणी ती परस्पर मागवू शकत नाही. अधिकार नसताना ती मिळवणाऱ्याला कलम २२ नुसार प्रत्येक गुन्ह्यासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ओळखीने काम करून घेण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे. जमिनीचा उतारा काढायलाही आपण ओळखीचा माणूस शोधतो. पण इथे बँकेच्या अधिकाराचा वापर ज्या कामासाठी तो दिलेला नाही, त्या कामासाठी झाला, आणि त्याची खूण उमेदवारांच्या अहवालात ‘चौकशी’ म्हणून उमटली.

सरळ मार्ग सोपा होता. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळवण्याचा हक्क २०१७ पासून प्रत्येकाला आहे. उमेदवारांना लेखी कळवून, कशासाठी हवा ते सांगून, त्यांच्याच हातून तो मागता आला असता.

अहवाल कसा वाचला

बैठकीत तो अहवाल एका हातातून दुसऱ्या हातात फिरला. पहिल्या पानावर ६१८ हा आकडा होता आणि कोणीतरी त्याच्याभोवती पिवळ्या पेनाने गोल काढला होता. आत ट्रकच्या कर्जापुढे ‘निर्लेखनानंतर तडजोड’ असा शेरा होता आणि एका क्रेडिट कार्डावर २,३४० रुपये थकीत दिसत होते. चर्चा दहा मिनिटांत आटोपली आणि ‘आर्थिक पार्श्वभूमी समाधानकारक नसल्याने’ निवड रद्द केल्याचे एका ओळीचे पत्र गेले.

आता तोच अहवाल सावकाश वाचू. कर्जाच्या प्रत्येक खात्यासमोर मालकीचा प्रकार लिहिलेला असतो: वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार. ट्रकच्या खात्यासमोर ‘संयुक्त’ होते. त्याखाली महिन्यागणिक चौकटी असतात आणि हप्ता किती दिवस थकला ते त्यांत येते. वेळेवर भरला तर तीन शून्ये. पण हा तक्ता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो आणि शेवटच्या नोंदीपासून मागे मोजला जातो. खाते जून २०२१ मध्ये बंद झाले, म्हणून तक्ता जुलै २०१८ पासून सुरू होत होता. खाणी त्याआधी साडेतीन महिने बंद पडलेल्या. वेळेवर भरलेले पंचवीसच्या पंचवीस हप्ते त्या खिडकीच्या बाहेर गेले होते आणि आत नव्वद दिवसांपलीकडची थकबाकीच तेवढी दिसत होती. कर्ज घेतल्याची तारीख वर छापलेली असते. ती आणि तक्त्याची सुरुवात यांत दोन वर्षांहून अधिक अंतर आहे, एवढे जरी कोणी पाहिले असते तरी मधल्या काळात काय झाले हा प्रश्न निघाला असता. डिचोलीतल्या माणसाला २०१८ हे साल पाहून त्याचे उत्तरही सुचायला हवे होते. बैठकीला बसलेल्यांपैकी निदान दोघांचे स्वतःचे ट्रक त्याच मार्चमध्ये थांबले होते, आणि तरीही तो विषय निघाला नाही, याचे मला अजून नवल वाटते.

कार्डाची गोष्ट किरकोळ होती. २०२२ मध्येच ते बंद करून बाकी भरलेली होती. बँकेने माहिती अद्ययावत केली नव्हती. अशा चुका नेहमी होतात.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, रोखपाल नेमताना मंडळाला ज्याची भीती वाटायला हवी होती, त्याचे उत्तर याच अहवालात होते. रोख हाताळणाऱ्या माणसावर आज किती देणे आहे, पगाराच्या मानाने हप्ते किती जातात आणि गेल्या काही महिन्यांत त्याने उसनवारीसाठी कुठे कुठे अर्ज केले, या गोष्टी खरोखर विचारात घेण्याजोग्या आहेत. पैशाच्या तगाद्याखाली असलेला माणूस किल्ल्या सांभाळतो आहे हा धोका खोटा नाही. उमेदवारांच्या नावावर एकही चालू कर्ज नव्हते. चार वर्षांत, बँकेने परस्पर केलेली ती एक चौकशी सोडली तर, दुसरी चौकशी नव्हती. पण स्कोअर या प्रश्नासाठी बनलेलाच नाही. पुढचे कर्ज थकण्याची शक्यता किती, याचा ३०० ते ९०० मध्ये बांधलेला तो अंदाज आहे, आणि जुनी तडजोड त्याला दीर्घकाळ खाली ओढत राहते, कारण पतमाहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचा दंडक कंपन्यांवर आहे. माणूस गल्ल्यात हात घालील की नाही, हे तो सांगत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही.

निवाड्याचा आधार

उमेदवारांनी हरकत घेतल्यावर संस्थेच्या सल्लागारांनी मद्रास उच्च न्यायालयाचा जून २०२५ चा निवाडा पुढे केला. स्टेट बँकेने सर्कल बेस्ड ऑफिसर या पदावरची एक नेमणूक प्रतिकूल सिबिल अहवालामुळे रद्द केली होती आणि न्यायालयाने ती कृती कायम ठेवली. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याच्या अंगी आर्थिक शिस्त हवी, हे बँकेचे म्हणणे न्यायालयाला पटले.

निवाडा खरा आहे, पण तो इथे लागू पडत नाही, असे माझे मत आहे. त्या भरतीच्या जाहिरातीतच कर्ज थकवलेले आणि प्रतिकूल अहवाल असलेले उमेदवार अपात्र ठरतील, असे स्पष्ट कलम होते आणि अर्जदाराने ते वाचून अर्ज केला होता. आपल्या पतसंस्थेने खेळ संपत आल्यावर नियम केला, तोही तोंडी. दुसरे असे, की तिथले पद अधिकाऱ्याचे आणि संस्था कर्ज देणारी बँक. इथली जागा कर्जमंजुरीचा कसलाही अधिकार नसलेली. निवाड्याने अशा अटीला वाव दिला म्हणून कोणतीही अट कशीही लावता येते, असे त्यातून निघत नाही.

अमेरिकेत या विषयावर १९७० पासून कायदा आहे. नोकरीसाठी पतअहवाल पाहायला तिथे मुभा आहे, पण आधी उमेदवाराची लेखी संमती घ्यावी लागते, आणि अहवालाच्या आधारे नकार द्यायचा झाल्यास निर्णयापूर्वी त्याची प्रत उमेदवाराच्या हाती द्यावी लागते. न्यूयॉर्क शहराने तर २०१५ मध्ये काही ठरावीक पदे वगळून ही पद्धतच बंद केली. आपल्याकडे नोकरभरतीपुरता असा वेगळा कायदा नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमती विशिष्ट हेतूपुरती आणि माहिती गरजेपुरती असावी, असे सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पिवळा गोल काढलेली ती प्रत, उमेदवारांचे सगळे जुने पत्ते आणि फोन क्रमांकांसकट, सचिवांच्या उघड्या कपाटातच पडून होती.

पुढे काय झाले

उमेदवारांनी तीन कामे केली. कार्डाच्या नोंदीबद्दल पतमाहिती कंपनीकडे तक्रार केली. अशी तक्रार तीस दिवसांत निकाली काढावी लागते. त्यातले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे, आणि मुदत उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. सव्विसाव्या दिवशी नोंद दुरुस्त झाली. वित्त कंपनीकडून त्यांनी २०१६ पासूनचा पूर्ण खातेउतारा आणि ना-देय पत्र आणले. आणि बँकेकडे त्या चौकशीबद्दल लेखी तक्रार करून, उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असेही कळवले.

मंडळाने सुमारे सहा आठवड्यांनी त्यांना बोलावले. अध्यक्षांनी तडजोडीबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, सही माझी आहे, ती मी नाकारत नाही. पण ट्रक चालत होता तोवर एकही हप्ता चुकलेला नाही, तेवढं या उताऱ्यात बघा.” उतारा पाहिला गेला. एका संचालकांनी तडजोड म्हणजे शेवटी बुडवेगिरीच, हा मुद्दा सोडला नाही. ठेवीदारांच्या बाजूने बोलणाऱ्याने तो मांडावा यात वावगे काही नाही, कारण कंपनीचे पैसे बुडाले हे खरेच होते. फक्त बुडाले कशामुळे, हे त्यांना विचारात घ्यायचे नव्हते. बहुमताने रद्दपत्र मागे घेतले गेले. कारणे लेखी द्यावीत, ही उमेदवारांची मागणी मात्र मंडळाने मानली नाही. माझ्या मते ते गैर होते: पहिल्या पत्रात बदनामीकारक शेरा लेखी गेला होता, त्यामुळे तो खोडणेही तितक्याच स्पष्ट शब्दांत व्हायला हवे होते.

बँकेने ती चौकशी चुकीने झाल्याचे मान्य करून नोंद काढून टाकायला लावली. सचिवांना तोंडी समज मिळाली.

सुधारित नियमानुसार आता सिबिलची अट जाहिरातीतच येते आणि रोख किंवा सोनेतारण हाताळणाऱ्या जागांनाच लागते. अहवाल उमेदवाराने स्वतः काढून आणायचा, संस्थेने तो पाहून परत करायचा, स्कोअर न पाहता चालू देणी आणि अलीकडच्या चौकशा पाहायच्या, आणि प्रतिकूल नोंदीबद्दल नकार देण्यापूर्वी पंचेचाळीस दिवसांची मुदत द्यायची, असे ठरले. मुदतीचा आकडा विचारपूर्वक निवडलेला आहे, कारण तीस दिवसांत नोंद सुधारली तरी नवा अहवाल हातात पडायला थोडा अवधी लागतो. याखेरीज नव्या रोखपालांसाठी संस्थेने निष्ठा-हमी विमा, म्हणजे कर्मचाऱ्याने अफरातफर केल्यास नुकसान भरून देणारा विमा, घेतला आणि रोख शिलकेची अचानक तपासणी महिन्यातून एकदा सुरू केली. पिग्मी एजंटाचे प्रकरण मात्र सिबिलनेही नव्हे आणि या तपासणीनेही नव्हे, तर ग्राहकांची पुस्तके कार्यालयाच्या नोंदींशी ताडून पाहिली असती तरच वेळीच उघडे पडले असते.

मधल्या काळात प्रतीक्षा यादीतल्या एका पेडण्याच्या तरुणाला तीन महिन्यांसाठी तात्पुरते घेतले होते. त्याच्या नावावर कर्ज नव्हते, म्हणून ६५० च्या अटीचा प्रश्नच उद्भवला नव्हता. काम त्याने चोख केले. उमेदवार रुजू झाल्यावर मुदत संपल्याचे सांगून त्याला मोकळे केले गेले, आणि पुढच्या जागेसाठी त्याचा विचार व्हावा की नाही, याबद्दल इतिवृत्तात एकही ओळ नाही.